पुढे फिरवलेला मीटर

तिहोमिरच्या गाडीचा मीटर चौऱ्याण्णव हजार तीनशे बारा किलोमीटर दाखवत होता आणि तो आकडा खरा होता. गाडी विकायला काढल्यावर तिच्यात हा एवढा एकच दोष निघाला.

आमच्या नेगोतिनच्या बाजूला जर्मनीहून आलेली प्रत्येक गाडी दीड लाखाच्या आतबाहेर धावलेली असते. फ्रँकफर्टला बारा वर्षं टॅक्सी म्हणून राबलेली असो, नाहीतर दोन पिढ्यांनी विटा वाहायला वापरलेली असो, सीमा ओलांडली की तिचं वय उतरतं. मीटर मागे फिरवण्याला इथे कुणी फसवणूक म्हणत नाही. घर विकण्याआधी भिंतींना रंग देतात, तसं ते. घेणारा मनातल्या मनात आकडा दुप्पट करतो, विकणाऱ्याला ते माहीत असतं, आणि दोघे आनंदाने हात मिळवतात. असा सगळा व्यवहार सुरळीत चालू असताना कुणी खरा आकडा घेऊन मधे उभा राहिला, तर त्याचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिहोमिरने एकवीस वर्षं जर्मनीत, उल्मच्या एका कारखान्यात गिअरचे दाते घासले. ब्याण्णव साली त्याने ही लांबलचक, मागे भलंमोठं दार असलेली मर्सिडीज स्टेशन वॅगन कोरी करकरीत घेतली. एवढी लांब गाडी घेण्याचं कारण साधं होतं. तिच्या मागच्या भागात उलट्या तोंडाने बसायच्या, पोरांसाठीच्या दोन छोट्या सीट होत्या. पोरं व्हायची होती. ती झाली नाहीत. अकरा महिने नवरा उल्मला, बायको दोब्रिला इथे अंथरुणाला खिळलेल्या सासूच्या उशाशी, आणि उरलेला ऑगस्ट महिना द्राक्षमळ्यात. यात पोरं व्हायची तरी कधी? त्या सीटांवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही. हे दुःख दोघांनी कधी एकमेकांना बोलून दाखवलं नाही, आणि न बोलल्याने ते काही कमी झालं नाही.

गाव मात्र बोलत होतं. जर्मनीत राहणाऱ्या नवऱ्याचं तिकडे दुसरं घर असणारच, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत. तिकडेच राबलेल्या आमच्या ल्युबिशाच्या मयताला एक जर्मन बाई दोन पोरांना घेऊन आली, आणि त्या पोरांची नाकं बघितल्यावर कुणी तिला ‘आपण कोण’ म्हणून विचारलं नाही. त्या मयतानंतर दोब्रिलाने एक रीत पाडली. ऑगस्टमध्ये गाडी फाटकाशी थांबली की ती हात पुसत यायची, खिडकीतून डोकं आत घालायची, आधी मीटर बघायची आणि मग नवऱ्याचं तोंड. येऊन-जाऊन तीन हजार, तिकडचा बाजार आणि चर्च धरून दीड हजार, वर्षाला साडेचार. तेवढं भरलं की म्हणायची, "दमला असशील. आत ये."

एकवीस वर्षांत तिने नवऱ्याला एकही प्रश्न विचारला नाही. जे विचारायचं ते मीटरला विचारलं. त्या आकड्यावर त्यांचा संसार उभा होता. तिहोमिरला हे ठाऊक होतं आणि त्याला त्याचा अभिमान होता. दुसऱ्या कशाचा बाळगण्यासारखा होताही कुठे?

पेन्शन घेऊन गावी परतल्यावर त्याने तीन हिवाळे त्या गाडीत घालवले. दारांखालचा पत्रा गंजून पापडासारखा झाला होता, तो कापून नवा जोडला. मागची बाजू ओझ्याने बसू नये म्हणून त्या गाडीला तेलावर चालणारं सस्पेन्शन असतं. ते गळत होतं, ते सोडवून दोनदा बसवलं. छतावरच्या कांबी दात घासायच्या ब्रशने घासल्या. वेल्डिंगला गोयको होता. गोयको म्हणजे त्याचा कुम. लग्नात साक्षीदार म्हणून शेजारी उभा राहिलेला माणूस आमच्याकडे भावापेक्षा जवळचा. भावाशी भांडता येतं, कुमाशी नाही. आणि गाडी अशी नवरीसारखी तयार झाली, त्याच वसंतात तिहोमिरच्या डाव्या डोळ्याने साथ सोडली. डॉक्टरांनी लायसन्सच्या कागदावर सही करायचं नाकारलं. गाडी विकणं भाग होतं.

पहिला आला तो झायेचारचा कोंबड्यांचा व्यापारी. आल्यागेल्याला चमचाभर मुरंबा आणि ग्लासभर पाणी द्यायची रीत, तशी दोब्रिलाने ताटली आणली. तो स्टिअरिंगमागे बसला, मीटर बघितला आणि मांडीवर थाप मारून हसला.

"काका, हा आकडा कुणी बसवला?"

"कुणी नाही. गाडी जेवढी चालली तेवढा तो आला."

"बरं बरं. आता आपल्या आपल्यात सांगा, खरा किती?"

"हाच खरा."

"मी काय तुम्हाला कोंबडी वाटलो का?" असं म्हणून त्याने मुरंब्याचा दुसरा चमचा तोंडात घातला आणि निघून गेला.

दुसरा लग्नाच्या बँडमधला तुतारीवाला ब्लागोये, आमच्याच गावचा. त्याला मोठी वाद्यं न्यायला लांब गाडी हवी होती. त्याने बॉनेट उघडून घेतलं, इंजिनावर कौतुकाने हात फिरवला आणि मग हिशेब मांडला.

"मागे फिरवून चौऱ्याण्णव केलाय, म्हणजे मुळात पाच लाख तरी असणार. पाच लाख चाललेल्या गाडीत मी बँड घालून निघालो आणि वाटेत ती बसली, तर तिकडे नवरी तशीच राहायची."

तिहोमिरने सर्व्हिसचं पुस्तक पुढे केलं. पानोपानी उल्मच्या गॅरेजचे शिक्के, तारीखवार, सहीसकट. ब्लागोयेने ते लांब धरून बघितलं.

"असे शिक्के बाजारात डझनावर मिळतात," तो म्हणाला. "पण हे छान दिसतायत. कुणाकडून घेतलेस?"

तिसरे आमचे पाद्रीबाबा. तीन गावांच्या फेऱ्या मारायला त्यांना गाडी हवी होती. त्यांनी गाडीवर क्रॉसची खूण केली, मीटर बघितला आणि तिहोमिरला हळूच बाजूला घेतलं.

"पुत्रा, ज्याने फिरवला त्याला देव क्षमा करतो. किती होता?"

"बाबा, फिरवलाच नाही."

"आता हे मात्र पाप झालं," पाद्रीबाबा म्हणाले.

दोन महिन्यांत चेरीचा मुरंबा संपला, मग अंजिराचा, मग पांढऱ्या द्राक्षांचा. "गाडी जाईल तेव्हा जाईल, माझ्या बरण्या गेल्या," दोब्रिला म्हणाली. चौकातल्या हॉटेलात तिहोमिरचं नाव ‘चौऱ्याण्णव’ पडलं. तो आत शिरला की टेबलावरची माणसं सरकून बसायची, पण जागा करण्यासाठी नव्हे. जर्मनीत राहून आलेला, आम्हाला शहाणपणा शिकवायला निघालेला, हा त्याचा खरा गुन्हा. मीटर नुसतं निमित्त.

शेवटी गोयकोने त्याला वर्कशॉपमध्ये बसवून राकिया पाजली आणि समजावलं.

"कुमा, तू लोकांची अडचण करतोयस."

"मी?"

"मग कोण? घेणाऱ्याला काहीतरी पकडायचं असतं. तू त्याला पकडायला काही ठेवतच नाहीस. तो बिचारा घाबरतो. म्हणतो, वरून एवढं स्वच्छ दिसतंय, तर आत काय पुरून ठेवलं असेल?"

"मग काय करू?"

"पुढे फिरवू."

तिहोमिरला वाटलं, कुमाला चढली.

"दोन लाख सत्त्याऐंशी हजार," गोयको म्हणाला. "तीन म्हटलं की घाबरतात, दोन म्हटलं की हसतात. दोन सत्त्याऐंशी बघितला की माणूस म्हणतो, चला, एक तरी प्रामाणिक भेटला."

"पण ते खोटं आहे."

"आहेच. पण लोकांच्या ओळखीचं आहे. तुझं खरं कुणाच्या ओळखीचं नाही."

तिहोमिर थकला होता. माणूस एकदा थकला की सज्जनपणा सोडायला त्याला फार धक्का द्यावा लागत नाही.

सप्टेंबरच्या एका शनिवारी सकाळी दोब्रिला अंगणात वर्षभराच्या चटणीसाठी लाल मिरच्या भाजत बसली होती. तेवढ्यात कोठारात गोयकोने वाकवलेल्या तारेचे दोन हूक खुपसून मीटरची डबी बाहेर ओढली आणि सुईने आकड्यांची चाकं पुढे ढकलली. तीस वर्षं मागे ढकलायची सवय. पुढे ढकलताना सुई सटकली आणि एका चाकावर ओरखडा उठला.

"आत कोण बघायला जातंय," गोयको म्हणाला. "आता ते पुस्तक जाळ. पुस्तकातला शेवटचा शिक्का म्हणणार एक्याण्णव हजार, मीटर म्हणणार दोन सत्त्याऐंशी. लोक तुला वेडा म्हणतील."

तिहोमिरने एकवीस वर्षांचे शिक्के मिरच्यांखालच्या जाळात सरकवले. दोब्रिलाने चिमटा थांबवला.

"काय जाळतोस?"

"जुने कागद."

"जर्मन दिसतायत."

"जर्मनच आहेत."

तिने पुढची मिरची उलटली. त्याने तेव्हाच तिला सगळं सांगितलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण ज्या बाईपुढे जन्मभर आपण सरळ म्हणून मिरवलो, तिला ‘आज जरा वाकडं करतोय’ हे सांगायची त्याला लाज वाटली. गाडी विकली की सांगू, दोघं मिळून हसू, असं त्याने मनाशी ठरवलं.

चौथ्या दिवशी नेगोतिनहून सिनिशा आला. हा फरश्या बसवायचा आणि जोडधंदा म्हणून जुन्या गाड्या घेऊन विकायचा. तो स्टिअरिंगमागे बसला आणि मीटरकडे बघतच राहिला.

"दोन सत्त्याऐंशी," तो हळू आवाजात म्हणाला.

तिहोमिरने मान खाली घातली. सिनिशाला ते विनय वाटलं. तो खाली उतरला आणि त्याने तिहोमिरचे तीन मुके घेतले, डावा गाल, उजवा, पुन्हा डावा.

"काका, वीस वर्षं गाड्या घेतोय. असा माणूस बघितला नाही."

एवढ्यात दोब्रिला ताटली घेऊन आली. शेवटची बरणी, आलुबुखाराची.

"काकू, तुमचा नवरा हिरा आहे हिरा. दोन लाख सत्त्याऐंशी हजार चालली म्हणून उघड दाखवतोय. दुसरा कुणी असता तर नव्वद हजार करून मोकळा झाला असता."

दोब्रिलाने ताटली बॉनेटवर ठेवली. तिने खिडकीतून डोकं आत घातलं, मीटर बघितला आणि मग नवऱ्याचं तोंड बघितलं. मग ती घरात गेली.

गाडी फाटकाबाहेर पडल्यावर तिहोमिर तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेला.

"गोयकोने फिरवला. पुढे."

"पुढे?" दोब्रिला म्हणाली. "पुढे कोण फिरवतं?"

"गोयकोला विचार."

"विचारेन," ती म्हणाली.

ती संधी दहा-बारा दिवसांनी आली. रविवारी चर्च सुटल्यावर सगळे पुरुष हॉटेलात जमले होते आणि सिनिशा दारातून आत आला. त्याने गाडीची किल्ली तिहोमिरच्या पुढ्यात टाकली.

"काका, मी तुमचे मुके घेतले होते," तो म्हणाला. "माझ्या माणसाने मीटर उघडला—"

"कशाला उघडला?" ब्लागोयेने विचारलं.

"साफ करायला."

सगळ्यांनी समजून माना डोलावल्या.

"आत चाकावर ताजा ओरखडा आहे. म्हणजे आधीच कुणीतरी हात मारलाय. दोन सत्त्याऐंशी हा मागे आणून ठेवलेला आकडा आहे. माझा माणूस म्हणतो, खरा सहा लाखांच्या खाली नाही."

तिहोमिर उभा राहिला. "मागे नाही आणला," तो म्हणाला. "पुढे नेला. चौऱ्याण्णवच होता. कुणी विश्वास ठेवत नव्हतं, म्हणून पुढे नेला."

यावर असं हसू फुटलं की ब्लागोयेला रुमालाने डोळे पुसावे लागले. पाद्रीबाबांनी उठून तिहोमिरच्या खांद्यावर हात ठेवला. "पुत्रा, आता पुरे."

"गोयकोला विचारा. त्यानेच केलं."

हे दारातून ऐकत उभी असलेली दोब्रिला आत आली. बायका त्या हॉटेलात सहसा येत नाहीत, त्यामुळे हसणं थांबलं.

"गोयको, तू मीटर पुढे फिरवलास?" तिने विचारलं.

गोयकोने आजूबाजूला बघितलं. टेबलाभोवती सात जण होते आणि त्यांतल्या पाच जणांनी त्याच्याचकडून गाड्या घेतल्या होत्या. गोयको मीटर फिरवतो हे प्रत्येकाला माहीत होतं, आणि आपल्या गाडीचा मात्र नाही फिरवला अशी प्रत्येकाची खात्री होती. त्या खात्रीवर गोयकोची चूल पेटत होती.

"वहिनी," तो ग्लासात बघत म्हणाला, "मी फक्त पत्रा जोडला."

दोब्रिलाने मान हलवली आणि ती निघून गेली. तिहोमिर कुमाकडे बघत राहिला. कुमाशी भांडता येत नाही.

आणि मग जे झालं त्याची चीड मला अजून येते. ब्लागोयेने शेजारची खुर्ची ओढली. "बस रे, चौऱ्याण्णव. आम्ही तुला उगाच परका समजत होतो. तू तर आमच्याही वरचढ निघालास." कुणीतरी त्याच्यापुढे ग्लास ठेवला. सिनिशासुद्धा पैसे परत मिळणार म्हटल्यावर निवळला आणि ओरखडा न पाडता मीटर कसा उघडावा ते त्याला समजावून सांगू लागला. परत आल्यापासून ज्या टेबलावर त्याला जागा मिळाली नव्हती, तिथे आता सगळे त्याला खेटून बसले. रीतीप्रमाणे सगळ्यांच्या राकियाचे पैसे तिहोमिरने भरले.

घरी तीन आठवडे दोब्रिला फक्त कामापुरतं बोलली. ऑक्टोबर उजाडला. हिवाळ्याचा कोबी पिंपात घालायचे दिवस आले. एका दुपारी दोघं अंगणात समोरासमोर बसून कोबीचे गड्डे चिरत होते. गाडी कोठाराच्या दारात उभी होती, सहा लाख चाललेली.

"मी हिशेब केला," दोब्रिला म्हणाली. "दर ऑगस्टला मागे फिरवून येत असशील. सहा लाखांतून घरी येण्याजाण्याचे, बाजार-चर्चचे वजा केले. वर्षाला चोवीस हजार उरतात. म्हणजे दर रविवारी साडेचारशे. जायला सव्वादोनशे, यायला सव्वादोनशे."

तिहोमिरने चिरलेला कोबी पिंपात लोटला.

"शाळेतल्या नकाशावर जाऊन बघितलं. न्यूरेनबर्ग येतं जवळपास. कोण राहतं न्यूरेनबर्गला?"

"कुणी नाही, दोब्रिला. देवाशपथ कुणी नाही."

"मुलं किती?"

"एकही नाही."

दोब्रिला हसली. कोंबड्यांचा व्यापारी हसला होता तशीच. मग तिने सुरी खाली ठेवली.

"तिहोमिर, रागवायचं माझं वय गेलं. तू तिकडे एकटा होतास, मी इकडे एकटी होते. काय ते समजण्याइतकी मी शहाणी आहे. पण आता या वयात माझ्या तोंडावर चौऱ्याण्णव हजार सांगू नकोस."

त्याने सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. काय सांगणार? पुस्तक त्याने तिच्या डोळ्यांदेखत जाळलं होतं. कुमाला तिने भर हॉटेलात विचारलं होतं. एकही नाही म्हटलं की ती हसत होती. तीन म्हटलं असतं तर मोडून पडली असती. एकोणसाठ वर्षांच्या त्या चेहऱ्याकडे तो बघत राहिला. ती उत्तराची वाट बघत होती आणि तिला खरं उत्तर नको होतं.

"एक," तो म्हणाला.

"मुलगा?"

"मुलगी."

आता पिंपावरचा दगड आपल्या डोक्यात बसणार, असं त्याला वाटलं. दोब्रिलाने पदराला हात पुसतात तसे एप्रनला हात पुसले, आणि तिचा चेहरा हळूहळू सैल पडला. तीन आठवड्यांत तो असा दिसला नव्हता; खरं सांगायचं तर तीस वर्षांत नव्हता.

"नाव काय?"

कारखान्याच्या कँटीनमध्ये एकवीस वर्षं त्याला जेवणाचं कूपन फाडून देणाऱ्या जाडजूड बाईचं नाव त्याच्या तोंडी आलं. "उर्सुला."

"उर्सुला," दोब्रिलाने म्हणून बघितलं. "जीभ वळत नाही. आपण ऊर्शा म्हणू. डिसेंबरात संत निकोलाच्या सणाला बोलाव तिला. इतकी वर्षं लपवलंस, तिचा बिचारीचा काय दोष? माझ्या बहिणीची लोकरी रजाई आहे, ती काढते. आईला नाही आणलं तरी चालेल."

"बघतो," तिहोमिर म्हणाला.

"बघतो काय? फोन लाव. कामाला कुठे आहे ती? लग्न झालं?" एकवीस वर्षं अडवून ठेवलेले प्रश्न आता एकामागून एक येत होते. मधेच ती थांबली. पुढचं विचारायचा तिला धीर होत नव्हता. "पोरंबाळं आहेत?"

तिहोमिरने सुरी उचलली आणि पुढचा गड्डा हातात घेतला.

"एक नातू आहे," तो म्हणाला आणि कोबी चिरू लागला.